लाल शाईने खोडलेली ओळ

फाल्गुन लागला की आमच्या मढकडच्या डोंगरांत राब भाजतात. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत असे थर पसरायचे, वर बारीक माती भुरभुरायची आणि वारा बघून एका कडेनं पेटवून द्यायचं. ही आग भडकत नाही. ती मातीखालून सरकत जाते आणि निळसर धूर दिवसभर खोऱ्यात पडून राहतो. मी आठव्या वर्षापासून राब पेटवत आलो. चिमूटभर माती हवेत उडवली की धूर कुठं जाणार हे माझ्या वडिलांना कळायचं, आणि त्यांचं बघून मलाही कळायला लागलं होतं. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढं त्याचा संबंध येणार आहे.

आता मी मंचरला शिक्षक आहे. इथं राब नाहीत. विहिरींवर मोटा चालतात, कांद्या-बटाट्याचे वाफे आहेत, बाजार मोठा भरतो. तरी या दिवसांत दुपारी वारा पश्चिमेकडून सुटला की मला तो वास येतो. इतक्या लांबून तो येणार नाही, हे मला ठाऊक आहे. समोर अकरावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर असतात, लाल शाईची दौत असते, आणि माझा हात थांबतो. शेजारच्या खुर्चीवरचे गणिताचे सर म्हणतात, "काय राव, एकाच पोराच्या निबंधावर अर्धा तास? कादंबरी लिहिलीय का त्यानं?" मी हसतो आणि पान उलटतो.

परवा मुलांनीच विषय काढला. पूर्वपरीक्षा झाली होती, मोठी परीक्षा यायची होती, मधले काही दिवस मोकळे होते. पहिल्या बाकावरचा एक धीट मुलगा उभा राहिला.

"सर, एक सहल काढा की. मानमोडीची लेणी बघू. तुमी जुन्नरकडचं, तुमाला वाट म्हाईत."

"आन् भेळ बी खाऊ," मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

मी म्हणालो, "बघतो."

मुख्याध्यापकांनीही दोनदा विचारलं. त्यांनाही मी तेच सांगितलं. माझं हे 'बघतो' कुठून येतं, ते इथं कुणालाच माहीत नाही.

मानमोडीच्या डोंगरावर मी शेवटचा गेलो त्याला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी अकरावीत, मॅट्रिकच्या वर्षाला होतो, आणि फाल्गुनच होता. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्या होत्या. त्या वासानं चालताना जरा गुंगी आल्यासारखं व्हायचं. आम्ही चौदा मुलं होतो आणि आमच्यापुढं उपासनी सर.

उपासनी सर आम्हाला मराठी शिकवायचे. उंच, किडकिडीत अंग, बंद गळ्याचा कोट, धोतर आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत पुस्तकांपेक्षा दुसरंच सामान जास्त असायचं. दोन आरसे, एक जाड केसांचा ब्रश, काजळीची पुडी, पाण्याचा तांब्या. पायी भटकंतीची वर्णनं लिहिलेलं त्यांचं एक लहानसं पुस्तक छापलेलं होतं. मासिकांतून अधूनमधून लेख यायचे. पण त्यांच्या मनातलं काम निराळंच होतं. जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत जी लेणी आहेत त्यांतले सगळे शिलालेख स्वतः वाचायचे, आणि त्यांत दान देणारी जी साधी माणसं आहेत, कुणी धान्याचा व्यापारी, कुणी बांबूचं काम करणारा, त्यांच्यावर एक ग्रंथ लिहायचा. "राजांवर लिहिणारे पुष्कळ आहेत," ते म्हणायचे. "या माणसांनी आयुष्यात एकदाच स्वतःचं नाव कोरून ठेवलं. ते कुणी वाचायला नको?" पुण्याच्या एका संस्थेनं तो ग्रंथ छापायचं कबूल केलं होतं. तीनच लेख वाचायचे राहिले होते.

सरांनी मला निबंध लिहायला शिकवलं. आठवीत मी 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिला होता. मार्गदर्शक पुस्तकातून उचललेला होता, हे त्यांना पहिल्या ओळीतच कळलं असणार. त्यांनी मला उभं केलं.

"तुझ्या निबंधात मोर नाचतोय. मढला मोर आहेत?"

"नाहीत सर."

"मग हा कुणाच्या घरचा पाहुणा आलाय?"

वर्ग खोखो हसला. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मढला पावसाळ्यात काय असतं?"

"चिखल."

"मग चिखल लिही. पायाला कसा लागतो ते लिही."

मी चिखल लिहिला. दहापैकी आठ गुण मिळाले. आमच्या घरात तोवर कुणाला कशातच गुण मिळाले नव्हते. त्याच वर्षी वडिलांनी मला शाळेतून काढायचं ठरवलं, तेव्हा सर मढपर्यंत आले. थोडं बैलगाडीनं, बरंचसं पायी. ओट्यावर बसून नाचणीची भाकरी खाल्ली. वडील म्हणाले, "मास्तर, त्यो शिकून काय करनार? डोंगुर तर हाये तिथंच ऱ्हानार." सर म्हणाले, "डोंगर राहू दे. तुम्हाला सरकारी कागद आला की वाचून घ्यायला कुठं जाता?" वडिलांनी मला शाळेत ठेवलं. पुढं अकरावीच्या वर्षी मी सरांच्याच पडवीत राहिलो. माझ्या बी.ए.च्या पदवीच्या कागदावर माझं नाव आहे. त्याच्यामागं ती भाकरी आहे.

सरांच्या सहलीचे दोन नियम होते. सहलीत वही न्यायची नाही, फक्त बघायचं. आणि तिसऱ्या दिवशी वर्गात बसून वृत्तांत लिहायचा. "पहिल्या दिवशी माणूस थापा मारतो," ते सांगायचे, "आणि महिन्यानं विसरतो. तिसऱ्या दिवशी खरं तेवढं उरलेलं असतं." त्यातही पुन्हा एक अट होती. जे पाहिलं, ऐकलं तेवढंच लिहायचं. आपल्या मनात काय आलं, ते लिहायचं नाही. सूर्यास्त पाहून माझं मन उचंबळून आलं, असं कुणी लिहिलं की ते शांतपणे विचारायचे, "उचंबळलेलं मन कुठल्या बाजूला होतं? डावीकडं की उजवीकडं?"

शिलालेखांचे ठसे घ्यायला त्यांना जो कागद लागायचा तो युसूफ आणायचा. युसूफ माझ्याच बाकावर बसायचा. त्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या हातकागद बनवायचे. जुन्नरी कागद एकेकाळी लांबवर जायचा म्हणतात. आमच्या वेळेपर्यंत त्यांचे हौद कोरडे पडले होते आणि त्याचे वडील, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, दुकानदारांच्या आणि शाळेच्या वह्या बांधून देत. पण माळ्यावर जुन्या कागदाचा एक गठ्ठा शिल्लक होता. गिरणीचा कागद भिजवून दगडावर ठोकला की त्याची लापशी होते. हा कागद ओला करून अक्षरांवर बसवला, ब्रशनं ठोकला, तरी फाटायचा नाही. अक्षरांच्या खाचांत उतरून बसायचा. युसूफ एकदा वर्गात म्हणाला होता, "अब्बा म्हणतात, कागद पाण्यातूनच निघतो. तो पाण्याला कशाला घाबरेल?" सर इतके खूश झाले की ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं.

त्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो. डोंगर चढताना मी वर पाहिलं. लेण्याच्या कपाळाला, जिथं कातळ पुढं आलेला आहे, तिथं आग्या मोहोळं लटकत होती. काळी, जड, पोत्यांसारखी. मी मोजली. सात होती.

लेख आतल्या भिंतीवर होता. तिथं उजेड सरळ पोचत नाही. सरांची रीत अशी होती की एका मुलानं बाहेर उन्हात आरसा धरायचा, दुसऱ्यानं आत, आणि उजेड वळवून अक्षरांवर तिरका पाडायचा. तिरक्या उजेडात झिजलेली अक्षरंसुद्धा उठून दिसतात. पण चढताना आमच्यातल्या बाळूच्या हातून पिशवी कातळावर आपटली आणि दोन्ही आरसे फुटले. बाळू रडकुंडीला आला. सर त्याला म्हणाले, "अरे, एवढ्या उंचीवरून तू पडला असतास तर मला जास्त त्रास झाला असता." सगळे हसले. सर बराच वेळ भिंतीवर बोटं फिरवत उभे राहिले. मग माझ्याकडं वळले.

"मढकर, तुला पलिता करता येतो ना रे?"

मी म्हणालो, "हो सर."

मी वाळलं गवत कापलं, पीळ देऊन वळलं, मध्ये दोन काटक्या घातल्या. सगळ्यांत चांगला पलिता मलाच करता यायचा. सरांनी काडी ओढली. मी तो भिंतीजवळ तिरका धरला. अक्षरं खरोखर उठून आली. सर एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होते. अकरा वर्षं ज्या कामासाठी त्यांनी डोंगर पालथे घातले, त्यातला एक लेख त्यांच्या पुढ्यात उजळला होता. कागद भिजवायला पाणी कमी पडलं, म्हणून युसूफ तांब्या घेऊन बाहेरच्या टाक्याकडं गेला. धूर छताला टेकला, छतावरून सरकत दाराकडं गेला आणि कपाळाखालून वर चढला.

आधी आवाज आला. आपल्याकडं पाऊस डोंगरापलीकडून यायला लागला की जसा येतो तसा. मी ओरडलो, "आत या, आडवे पडा!" आणि सगळ्यांना कोपऱ्यातल्या खोलीत ढकललं. तेरा मुलं एकमेकांवर पडली. युसूफ बाहेर होता. त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग तांब्या दगडांवरून गडगडत गेल्याचा आवाज. सर धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा युसूफ त्यांच्या पाठीवर होता आणि सरांचा चेहरा ओळखू येत नव्हता. खाली उतरेपर्यंत युसूफ पाणी मागत होता. गावात पोचलो तेव्हा मागत नव्हता.

तिसरा दिवस आला. त्याच्या आदल्या दिवशीच गावात बोललं जात होतं, "गुराख्यांनी गवत पेटवलं असंल. ह्या दिवसांत वणवं लावत्यातच की." डोंगराखालच्या वाडीतल्या तिघा गुराख्यांना चावडीवर आणून बसवलं होतं. सरांनी फौजदारांना निरोप पाठवला होता, 'पलिता माझ्या सांगण्यावरून केला.' पण सरांच्या अंगात ताप होता, दोन्ही डोळे सुजून मिटलेले होते, आणि शाळेच्या कमिटीतली माणसं म्हणाली, मास्तर तापात बरळतायत. शाळेत आमचे हेडमास्तर वर्गात आले. त्यांनी आम्हाला कोरे कागद वाटले.

"नेहमीसारखा वृत्तांत लिहा," ते म्हणाले. "नीट आठवून लिहा. वणवे कोण लावतं, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे."

त्यांनी खोटं लिहा असं म्हटलं नाही. त्याची गरज नव्हती. आम्हाला सरांना वाचवायचं होतं. बाकाबाकांवरून एकच कुजबूज फिरली. तेरा जणांनी तेरा गुराखी लिहिले.

वृत्तांत आधी सरांनी तपासायचे, हा शाळेचा शिरस्ता. मी त्यांच्याच पडवीत राहायचो म्हणून तो गठ्ठा घेऊन मीच गेलो. दुपार होती. काकूंनी, सरांच्या पत्नीनं, त्यांच्या चेहऱ्यावर ओल्या मातीचा लेप लावला होता. त्यांचं तोंड तेवढं मोकळं होतं.

"मला दिसत नाही," सर म्हणाले. "तू वाच."

मी वाचत गेलो. बारा निबंध झाले. प्रत्येकाच्या शेवटी ते एवढंच म्हणायचे, "पुढचा." तेरावा माझा होता. तो मी माझ्याच तोंडानं वाचला. माझ्या गुराख्याच्या हातात बाभळीची काठी होती, डोक्याला फडकं होतं, त्याच्या बंडीला बटणाऐवजी सुतळीचा तुकडा बांधलेला होता आणि तो गवत पेटवून वाऱ्याकडं पाठ करून बसला होता.



"तुझा गुराखी सगळ्यांत चांगला उतरलाय," सर म्हणाले. "ती सुतळी तू कुठं पाहिलीस?"

ती सुतळी माझ्या बंडीची होती. शाळेत यायच्या आधी मी गुरं राखायचो, तेव्हाची.

"पाहिलास त्याला?"

"नाही सर."

"आता चावडीवर तिघं बसलेत. एखाद्याच्या बंडीला सुतळी असेल. असतेच. हा निबंध फौजदारांच्या हातात गेला की ते त्याला उभं करतील. मग?"

"सर, पण मग तुमची नोकरी जाईल."

"ते वृत्तांतात येत नाही."

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण मध्ये पडल्या नाहीत. आत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. युसूफनं आणलेल्यातला तो जुना कागद होता. मी तिथंच जमिनीवर बसून दुसऱ्यांदा लिहिलं. आरसे फुटले. सरांनी पलिता करायला सांगितला. मी केला. सरांनी काडी ओढली. धूर असा गेला. युसूफ पाण्याला गेला होता. सर बाहेर गेले आणि त्याला पाठीवर घेऊन आले. आणि शेवटी एक ओळ जास्तीची लिहिली. ती माझ्याबद्दल होती.

मी वाचून दाखवलं. शेवटच्या ओळीवर सरांनी मान वळवली.

"ही कुठून आली?"

"खरी आहे सर."

"तू ती पाहिलीस? ऐकलीस?"

"नाही. ती... माझ्या मनात होती."

"मग ती वृत्तांतात बसत नाही. लाल शाई घे."

"सर..."

"मला डोळे असते तर मीच खोडली असती. घे. आडवी रेघ मार. मग ती सोडून बाकीचं स्वच्छ अक्षरात उतरवून काढ आणि हेडमास्तरांकडं नेऊन दे. हे तेरा इथंच राहतील. आणि अभ्यासाला बस. परीक्षा जवळ आली."

मी रेघ मारली. माझ्याच हातानं, त्यांच्या दौतीतली शाई घेऊन.

तिघं गुराखी त्याच संध्याकाळी सुटले. महिन्याभरात सरांनी राजीनामा दिला, असं शाळेच्या फलकावर लागलं. दिला की घेतला, हे मी कधी विचारलं नाही.

चाचांकडं जायचा मला धीर होत नव्हता. परीक्षेच्या आधी एकदा गेलो. उरलेले कागद परत करायचे होते. चाचा सुई-दोऱ्यानं वही शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "पलिता मास्तरांनी लावायला सांगितला. खरंय का बेटा?"

"हो चाचा."

"गुराख्यांना सोडलं ते बरं झालं. त्यांच्या पण आया असतील." एक टाका घातला. "माझ्या पोराला उचलायला बाहेर कोण गेलं, ते लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग झालं. कागद ठेव तिथं."

मी ठेवले. त्यांनी दोरा दातानं तोडला आणि दुसरी वही घेतली. तिच्यावर आमच्याच शाळेचं नाव होतं.

माझे वडील बातमी ऐकून मढहून आले होते. आम्ही सरांच्या अंगणात बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, "तू व्हतास ना तिथं? मंग तुला कळलं न्हाई? आपल्याकडं मव्हाळाखाली कुनी बिडीसुदिक पेटवत न्हाई."

"कळलं होतं," मी म्हणालो. "पण सरांना कसं सांगायचं?"

मला वाटलं, ते मारतील. त्यांनी मारलं नाही. जमिनीवर बोटानं रेघा ओढत बसले. मग म्हणाले, "व्हय. मास्तरला कसं सांगनार." आणि उठून गाडी बघायला गेले. त्यांनी मला माफ केलं होतं का, मला कळलं नाही. त्यांना माझं वागणं अगदी बरोबर वाटलं होतं, एवढं कळलं, आणि त्याची भीती आजही जात नाही. त्यांनी स्वतः जन्मभर तेच केलं होतं. वरच्या माणसाला दिसत नाही ते आपल्याला दिसलं, तरी खाली बघून उभं राहायचं.

मी परीक्षेला बसलो. मराठीच्या पेपरात निबंध होता 'माझा आवडता छंद'. मी काय लिहिलं, मला आठवत नाही. पास झालो. पुण्याला गेलो.

सर आंबेगावच्या पूर्वेला, लोणीला जाऊन राहिले. गावच्या लहान शाळेत त्यांना चौथीचा वर्ग मिळाला. एका डोळ्यानं दिसायचं नाही. पुण्याच्या संस्थेला त्यांनी कळवलं की ग्रंथ पुरा होऊ शकत नाही. जमवलेले ठसेही पाठवून दिले. बी.ए. झाल्यावर पेढे घेऊन मी तिथं गेलो. वर्ग चालू होता. मुलं ओरडत होती, "गुर्जी, वड्यापत्तुर तरी न्या की!" सर म्हणाले, "ओढा इथूनच दिसतो. दिसतो ना? मग बघा." त्या वर्गाला त्यांनी कधी कुंपणाबाहेर नेलं नाही.

माझा निकालाचा कागद त्यांनी डोळ्याजवळ धरून दोनदा वाचला. मग कपाटातून एक घडी घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. माझा पहिला निबंध होता. सुतळीवाल्या गुराख्याचा. त्यांनी तो कुणाला दिलाच नव्हता.

"हा तुझ्याकडं असू दे," ते म्हणाले. "भाषा याचीच चांगली आहे. दुसऱ्याची एवढी नव्हती."

मी मान खाली घातली.

"खोटं नाही सांगत. शिकवणार आहेस तर हे लक्षात ठेव."

एवढंच. युसूफचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. निघताना त्यांनी विचारलं, "ती ओळ विसरलास का?" मी म्हणालो, "नाही सर." ते म्हणाले, "विसरायला पाहिजे होतीस. मी उगाच खोडली नव्हती." गेल्या पौषात सर वारले. मला चार दिवसांनी कळलं.

माझ्या वर्गात या वर्षी मढच्या बाजूचा एक मुलगा आहे. नात्यातल्या कुणाकडं राहून शिकतो. शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो, अक्षर चांगलं आहे, सगळ्याला 'हो सर' म्हणतो. काल तास संपताना मी सहजच विचारल्यासारखं वर्गाला विचारलं, "आग्या मोहोळाखाली धूर केला तर काय होतं रे?"

"माश्या पळून जातात सर," धीट मुलगा म्हणाला. "आमचा मामा असाच मध काढतो."

मी त्या मढच्या मुलाकडं पाहिलं. त्यानं मान वर केली होती. त्याला उत्तर माहीत होतं. डोळ्यांत दिसत होतं. मी म्हणालो, "काय रे? बरोबर आहे का ते?" आणि मुद्दाम, परीक्षा बघण्यासाठी, पुढं म्हणालो, "मलाही तसंच वाटतं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग बाकाकडं. म्हणाला, "हो सर."

आज सकाळी मी मुख्याध्यापकांना सांगितलं की या वर्षी सहल नको. ते जरा नाराज झाले. मुलं तर बोलेनाशीच झाली आहेत. उद्या पहिल्या तासाला मी त्या मुलाला उभं करणार आहे, आणि तो 'नाही सर, चुकताय तुम्ही' असं म्हणेपर्यंत बसू देणार नाही. तो रडेल बहुधा. वर्ग हसेल. एका दिवसात हे त्याला जमेल असं मला वाटत नाही. मला तर ते आलंच नाही.

आत्ता समोर निबंधांचा गठ्ठा आहे. वारा पश्चिमेकडून सुटला आहे. सरांनी खोडायला लावलेली ती ओळ मी त्यांच्या हयातीत पुन्हा कधी लिहिली नाही. आता मला थांबवायला कोणी नाही, म्हणून इथं उतरवून ठेवतो.

'धूर वर चढला की मोहोळ उठणार हे मला पलिता वळतानाच कळलं होतं, आणि सरांनी मला विचारलं तेव्हा मी हो सर म्हणालो.'